मराठवाड्यात फ्री डिशची छत्री स्वतः बसवायची तर

डीडी फ्री डिशचे चॅनल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर, जमिनीपासून जवळपास ३६ हजार किलोमीटर उंच आहे. मराठवाड्यातून पाहिलं तर तो आग्नेयेला दिसायला हवा, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. आग्नेय आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही, वास्तू बघणाऱ्यानं स्वयंपाकघर त्याच कोपऱ्यात काढायला लावलेलं असतं. वर किती बघायचं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मग गच्चीवरचा माणूस छत्री डावी-उजवी फिरवत राहतो आणि खालून आवाज येत राहतो, ‘नाही आलं, नाही आलं.’

छत्री इतकी वर बघत असली की डाव्या-उजव्या फिरण्याचा परिणाम निम्मा होतो. पाइपाभोवती छत्री १ अंश फिरवली तर आकाशात तिची नजर जेमतेम अर्धा अंश सरकते. वर-खाली १ अंश हलवली तर पुरता १ अंश सरकते. म्हणजे चूक खपण्याची जागा बाजूला जास्त आणि वर-खाली कमी. म्हणून या लेखात पाइप ओळंब्यात आणणं आणि वर-खालचा कोन या दोन गोष्टींवर मी जास्त बोलणार आहे, बाकीचं थोडक्यात.

सामान

६० ते ६५ सेंटीमीटरची ऑफसेट डिश आपल्याकडे पुरते. पावसात चित्र अजिबात अडायला नको असेल तर ९० सेंटीमीटरची घ्या, पण मग वारा जास्त धरते हे लक्षात ठेवा. एलएनबी, म्हणजे छत्रीपुढच्या दांडीच्या टोकाला बसणारा आणि सिग्नल पकडणारा डबा, युनिव्हर्सल हवा. त्याच्या अंगावर ९.७५ आणि १०.६ हे दोन आकडे छापलेले असतात, ते बघूनच घ्या. वायर आरजी-६, शक्यतो एकसंध, मधे जोड नको. दोन एफ कनेक्टर लागतील आणि दोन जास्तीचे घेऊन ठेवा, दहा-वीस रुपयांसाठी परत बाजारात जाणं परवडत नाही.

सेटटॉप बॉक्स एमपेग-४ वालाच घ्या. एमपेग-२ चा जुना बॉक्स स्वस्तात मिळतो, पण फ्री डिशवरचे काही चॅनल त्याला दिसणारच नाहीत. नवीन टीव्ही असेल तर आधी मागं बघा. काही टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो आणि वायर थेट टीव्हीला लागते. तसं असेल तर बॉक्सचे पैसे वाचले.

गच्चीवर बंद पडलेल्या खाजगी डीटीएचची छत्री पडून असेल तर तीच वापरता येते. एलएनबीवरचे आकडे जुळले आणि पत्रा पिचलेला नसला की झालं. बॉक्स मात्र वेगळा लागेल, कारण कंपनीचा बॉक्स कंपनीच्याच कार्डावर चालतो.

हत्यारं: १० आणि १३ चा पान्हा, ड्रिल, कटर, इन्सुलेशन टेप, मार्कर आणि गवंड्याचा ओळंबा. ओळंबा नसेल तर सुतळीला नट बांधा, काम तेच.

जागा

६० अंशाचा फायदा असा की समोरचं झाड किंवा भिंत फार क्वचित आड येते. हिशोब सोपा आहे. अडथळा छत्रीपासून जितका लांब, त्याच्या पावणेदोनपटीपेक्षा कमी उंच असला की चालतं. उंची जमिनीपासून नाही, छत्रीपासून मोजायची. छत्रीपेक्षा २० फूट उंच लिंब आग्नेयेला असेल तर छत्री त्याच्यापासून किमान १२ फूट लांब हवी. थोडं जास्तच धरा, लिंब वाढतो. बाकी दिशांना काहीही असू द्या, त्याचा संबंध नाही.

महावितरणची तार जवळून गेलेली असेल तर ती जागा सोडा. पाइप उभा करताना हातातून निसटला तर तो तारेपर्यंत पोचेल का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. पोचत असेल तर दुसरी जागा शोधा.

आता घर कसलं आहे त्यावर येऊ. स्लॅबचं घर असेल तर काही अडचण नाही. गच्चीच्या कठड्याला किंवा स्लॅबला फास्टनर मारून स्टँड पक्का करा. कठड्याच्या विटेच्या सांध्यात मारू नका, विटेच्या पोटात मारा. पत्र्याच्या घरावर पत्र्याला स्टँड लावणं म्हणजे पहिल्या वाऱ्यात कोन बिघडवून घेणं. पत्रा थरथरतो, त्याच्यासोबत छत्रीही. अशा घरात भिंतीला किंवा अंगणात पाइप लावा.

माळवदाच्या घराची गोष्ट वेगळी. पांढऱ्या मातीच्या माळवदात भोक पाडलं की पावसाळ्यात ते नेमकं कुठं गळेल हे सांगता येत नाही. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीच्या सांध्यातही फास्टनर धरत नाही, वारा आला की पोकळ होतो. दोन मार्ग आहेत. लोखंडी चौकटीवर पाइप वेल्ड करून घ्यायचा आणि चौकटीवर वजन ठेवायचं. पण ती चौकट भिंतीच्या माथ्यावर ठेवा, मधे तुळयांवर नको. नाहीतर सरळ अंगणात दोन फूट खड्डा घ्या, पाइप उभा करून काँक्रीट भरा आणि दोन-तीन दिवस हात लावू नका. मला अंगणाचा मार्ग पटतो. उंच जागेवर जास्त सिग्नल मिळतो हा समज आहे. ३६ हजार किलोमीटरपुढं तुमच्या घराच्या १२ फुटांनी काही फरक पडत नाही. एकच, जनावरं बांधतात तिथून लांब. म्हशीनं पाठ घासली की छत्रीची दिशा गेली.

पाइप ओळंब्यात

पाइपाला ओळंबा दोन बाजूंनी लावा. एकदा दक्षिणेकडून बघा, एकदा पूर्वेकडून. एकाच बाजूनं बघून सरळ वाटलेला पाइप दुसऱ्या बाजूला दोन-तीन अंश कललेला असू शकतो. तसं झालं तर छत्री फिरवताना तिचा वर-खालचा कोनही आपोआप बदलत जातो, आणि मागच्या पट्टीवर ६० दिसत असलं तरी छत्री प्रत्यक्षात ५७ किंवा ६३ ला बघत असते. तासन्‌तास चॅनल न सापडण्यामागं बहुतेक वेळा हेच असतं. इथं पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील. पाइप हातानं जोरात हलवून बघा. हलला तर पुढं जाऊ नका.

कोन

दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलेली आहे, उंची क्षितिजापासून. आकडे जिल्ह्याच्या गावाचे आहेत, तालुक्याला अंश-दीड अंश इकडं-तिकडं.

छत्रपती संभाजीनगर: दिशा १३६, उंची ५९
जालना: दिशा १३७, उंची ५९
बीड: दिशा १३५ ते १३६, उंची ६०
परभणी: दिशा १३८, उंची ६०
हिंगोली: दिशा १३९, उंची ६०
नांदेड: दिशा १३८ ते १३९, उंची ६१
लातूर: दिशा १३६, उंची ६१
धाराशिव: दिशा १३५, उंची ६१

धाराशिवपासून हिंगोलीपर्यंत दिशेत चार अंश आणि उंचीत दोन अंश, इतकाच फरक. त्यामुळं नातेवाइकानं दुसऱ्या जिल्ह्यातून सांगितलेला कोन सुरुवातीला चालून जातो.

दिशा बघायला मोबाइलचा कंपास चालेल, पण पाइपाजवळ, गजाजवळ किंवा पत्र्याजवळ धरू नका, लोखंडानं तो सरळ खोटं सांगतो. पाच-सहा फूट लांब उभं राहून १३६-१३७ ची रेघ शोधा आणि त्या रेघेवर दूरची एखादी खूण धरून ठेवा, पाण्याची टाकी, मंदिराचा कळस, टॉवर, काहीही. मग छत्रीमागं उभं राहून एलएनबीचा हात त्या खुणेकडं करा.

उंची छत्रीच्या मागच्या प्लेटवर असते. तिथं अंशांची पट्टी छापलेली असते आणि बोल्टजवळ बाणाची किंवा रेघेची खूण. ती खूण ६० वर आणा. पट्टी गंजून पुसलेली असेल तर छत्रीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर सरळ काठी टेकवा आणि काठीजवळ ओळंबा धरा. ओळंबा आणि काठी यांतला कोन ३४ ते ४० अंशांच्या मधे आला पाहिजे. ६० का नाही? कारण ऑफसेट डिशची नजर तिच्या तोंडाच्या सरळ रेषेत नसते, वीस-पंचवीस अंश वर असते. किती, ते मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून आकडा एकच सांगता येत नाही.

शेजाऱ्याची छत्री बघून आपली लावणं हा गावोगावचा रिवाज आहे. त्यात एक गोम आहे. शेजाऱ्याकडं डिश टीव्ही असेल तर त्याचा उपग्रह ९५ अंशावर, म्हणजे आपल्या अगदी शेजारी, सुरुवात म्हणून ठीक. टाटा प्लेचा ८३ अंशावर आहे, ती छत्री आपल्याकडून दक्षिणेला जास्त झुकलेली आणि आणखी वर बघणारी असते. एअरटेलचा १०८.२ वर, ती छत्री पूर्वेकडं वळलेली आणि खाली, जवळपास ४८ अंशांवर. या दोन्हींची नक्कल केली तर दिवस गेला.

वायर आणि कनेक्टर

बॉक्सचा प्लग काढलेला असतानाच वायर जोडा. एलएनबीला वीज याच वायरीतून जाते, १३ किंवा १८ व्होल्ट. हाताला झटका बसत नाही, पण शॉर्ट झाला तर बॉक्स जातो.

वायरचं बाहेरचं काळं आवरण साधारण दोन सेंटीमीटर सोला. आतली जाळी उलटी करून आवरणावर बसवा. मग पांढरा फोम कापून मधली तार मोकळी करा आणि कनेक्टर पिळून आत बसवा. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवी. आता नीट उजेडात बघा, जाळीचा एखादा केसासारखा तंतू मधल्या तारेला टेकलाय का? ‘एलएनबी शॉर्ट’ असा मेसेज येतो तेव्हा बहुधा हाच तंतू असतो.

एलएनबीकडं जाताना वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळातून ठिबकेल, कनेक्टरमधे शिरणार नाही. घरात शिरतानाही भिंतीच्या भोकाआधी असाच झोळ. कनेक्टरवरची रबरी टोपी फेकून देऊ नका, ती चढवून वरून टेप गुंडाळा, खालून वर गुंडाळा म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक येतात.

बॉक्सची सेटिंग

मेनूत इन्स्टॉलेशन किंवा अँटेना सेटिंगमधे जा. एलएनबी टाइप युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. एलएनबी पॉवर चालू. २२ के ऑटो ठेवा, ऑटो नसेल तर बंद. डायसेक बंद. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहावरून चॅनलचा एक गठ्ठा पाठवणारं यंत्र, ११०९०, पोलारिटी व्ही, सिम्बॉल रेट २९५००. तयार यादीत जीसॅट-१५ किंवा ‘डीडी ९३.५ ई’ असेल तर तीच निवडा. नसेल तर हा एक हातानं भरा, ताडून बघायला ११४७०, व्ही, २९५०० हाही आहे.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ म्हणजे वायर आणि एलएनबी जिवंत आहेत, इतकंच. ती छत्री भिंतीकडं केली तरी दिसते. आपल्याला क्वालिटी हवी.

शोध

दोन माणसं लागतात. एक गच्चीवर, एक टीव्हीपुढं. ओरडून सांगण्यापेक्षा व्हिडिओ कॉल लावा आणि खालच्यानं मोबाइलचा कॅमेरा क्वालिटीच्या पट्टीवर धरावा. वरच्याला पट्टी स्वतः दिसली की ‘भाऊ, जरा डावीकडं... नाही, नाही, तुझ्या डावीकडं’ हा सगळा गोंधळ संपतो. नेट नसेल तर टीव्ही आणि बॉक्सच गच्चीवर न्या. स्वस्तातलं सॅट फाइंडर घेऊ नका असं माझं मत आहे. ते कुठल्याही उपग्रहावर शिट्टी वाजवतं, आणि तिकडं शेजारीशेजारी कितीतरी उपग्रह आहेत.

वरचा नट इतका सैल ठेवा की छत्री हातानं फिरेल पण सोडल्यावर सरकणार नाही. उंची ६० ला घट्ट. आता छत्री दक्षिणेकडून पूर्वेकडं सावकाश फिरवा. १ अंश म्हणजे ६५ सेंटीमीटरच्या छत्रीच्या कडेला जेमतेम अर्धा सेंटीमीटर, तेवढंच सरकवा आणि दोन-तीन सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. भराभर फिरवणारा माणूस उपग्रहावरून दहा वेळा जातो आणि त्याला कळतही नाही.

एका फेरीत काही सापडलं नाही तर दिशा सोडा, उंची दोन अंश वर करा आणि परत फेरी. मग मूळ जागेपेक्षा दोन अंश खाली. ५६ ते ६४ मधे सापडलं नाही तर पाइप परत ओळंब्यात तपासा, नंतर वायर.

क्वालिटी उठली की लगेच आनंदून नट आवळू नका. आधी स्कॅन करून चॅनल बघा. डीडी सह्याद्री आणि डीडी न्यूज आले तर जागा बरोबर. भलतेच, कुलूपबंद चॅनल आले तर शेजारचा ९५ चा उपग्रह धरलाय, छत्री दक्षिणेकडं किंचित वळवा आणि अगदी थोडी वर करा. फरक दीड अंशाचाच आहे.

बरोबर उपग्रह सापडला की मधोमध आणायचं. छत्री डावीकडं सरकवत न्या, क्वालिटी पडायला लागेल तिथं पाइपावर मार्करनं खूण करा. उजवीकडं तसंच. दोन खुणांच्या बरोबर मधे छत्री ठेवा. मग उंचीलाही असंच, वर खूण, खाली खूण, मधे थांबा. उंचीच्या दोन खुणा एकमेकींच्या जास्त जवळ येतील, त्याचं कारण सुरुवातीलाच सांगितलंय. पट्टी आधीच ९० च्या वर अडकून बसली असेल आणि फरक कळत नसेल तर एलएनबीच्या तोंडावर ओलं फडकं टाका. सिग्नल मुद्दाम कमजोर झाला की कुठं जास्त आहे ते स्पष्ट दिसतं. जुळलं की फडकं काढायला विसरू नका.

शेवटी एलएनबी. तो त्याच्या कड्यात सैल करून हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवा, क्वालिटी जिथं सगळ्यात जास्त तिथं आवळा. कागदावरचा कोन शोधत बसण्यापेक्षा पट्टी बघून केलेलं लवकर होतं.

नट आवळताना एकदम एक पूर्ण आवळू नका. आलटून पालटून अर्धा-अर्धा आटा, आणि नजर पट्टीवर. उंचीचे बोल्ट आवळताना छत्री वर-खाली अर्धा अंश ओढली जाते, ती आपण याच वेळी पकडतो. सगळं झालं की प्लेट आणि पाइपावर मार्करची एकच सलग रेघ मारा. उद्या वानरानं लोंबकळून छत्री हलवली तर रेघ तुटलेली दिसेल आणि परत जुळवणं दोन मिनिटांचं काम राहील.

वीज, वारा, गारा

मराठवाड्यात वळवाचा वारा आणि विजा एकत्रच येतात. पाइपाला जाड तांब्याची तार लावून अर्थिंग करा. पण वीज जवळ पडली तर अर्थिंगवर सगळा भरवसा ठेवू नका. आभाळ गडगडायला लागलं की बॉक्सचा प्लग काढा आणि छत्रीची वायरही बॉक्समधून सोडवा. नुसता प्लग काढून उपयोग नाही, वीज वायरीतूनही येते. आणि तशा आभाळात गच्चीवर चढायचं नाही, कितीही चित्र गेलेलं असलं तरी.

धो-धो पावसात चित्र पाच-दहा मिनिटं जाणं हा बिघाड नव्हे, ढगातलं पाणी या लहरी पितं. पाऊस कमी झाला की आपोआप येतं. रिमझिम पावसातही जात असेल तर छत्री मधोमध नाही, परत खुणा करून जुळवा. पाऊस थांबल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत येत नसेल तर कनेक्टरमधे पाणी गेलंय. कापून नवा बसवा. गारपिटीनंतर छत्रीवर हात फिरवून बघा, रुपयाएवढे चार खड्डे पडले तर चालतं, पण कड वाकली असेल तर छत्री बदला. चकचकीत ऑइलपेंट छत्रीला देऊ नका. ऊन एलएनबीवर एकवटून त्याची टोपी वितळते.

वर्षातून दोनदा, ऊन पडलेलं असताना, भर सकाळी चित्र काही मिनिटं जातं. १२ मार्चच्या आसपास सव्वाअकराच्या सुमारास, आणि गांधी जयंतीच्या आसपास अकराला थोडी कमी असताना. त्या वेळी सूर्य आपल्याकडून पाहिलं तर नेमका उपग्रहाच्या मागं येतो आणि सूर्याच्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. चार-पाच दिवस असं होतं, नट सैल करू नका. उलट याच दिवसांचा फायदा घ्या. त्या मिनिटाला छत्रीवर झाडाची किंवा टाकीची सावली पडत असेल तर तो अडथळा उपग्रहाच्या आडही येतोय. फांदी कापायची की छत्री सरकवायची, ते तिथल्या तिथं ठरवता येतं.

बिघाड कुठं आहे

स्ट्रेंथ शून्य, क्वालिटी शून्य: वायर, कनेक्टर किंवा एलएनबी. आधी बॉक्सकडचा कनेक्टर, मग वरचा. दुसऱ्याचा चालू एलएनबी तात्पुरता लावून बघा.

स्ट्रेंथ आहे, क्वालिटी शून्य: छत्री हललीय किंवा ट्रान्सपॉन्डर चुकीचा. मार्करची रेघ बघा.

दोन्ही आहेत, काही चॅनल येतात, काही नाहीत: क्वालिटी काठावर असते तेव्हा असं होतं. मधोमध आणा. कायम तेच ठरावीक चॅनल गायब असतील आणि बॉक्स एमपेग-२ असेल तर दोष बॉक्सचा.

दोन्ही भरपूर आहेत आणि तरीही आवडता चॅनल एके दिवशी गायब: छत्रीला हात लावू नका. फ्री डिशवरच्या खाजगी चॅनलच्या जागा लिलावानं दिल्या जातात आणि नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्या सुमारास चॅनल जातात, येतात, नंबर बदलतात. जुनी यादी पुसून ऑटो स्कॅन करा. तरीही नसेल तर तो चॅनल फ्री डिशवरूनच गेलाय.